अकरा लाल टाके

मी एक जुनी फिल्म आहे. मोबाईल यायच्या कितीतरी आधीची. रुंदीला तुमच्या करंगळीच्या नखाएवढी, लांबीला एखाद्या गल्लीएवढी. माझ्या एका काठाला बारीक चौकोनी भोकांची रांग आहे आणि अंगभर इवली इवली चित्रं आहेत. मी यंत्रात भराभर फिरले, की ती चित्रं भिंतीवर चालू लागतात, हसू लागतात. आवाज मात्र मला नाही. जन्माची मुकी. आणि आज या मुकीला काय झालंय कोण जाणे, बोलायचं थांबवतच नाहीये!

तर मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी काही बड्या घरची नाही. बाकीच्या फिल्मा कारखान्यात, मिट्ट काळोखात जन्माला येतात. कोऱ्या, सरळ, एकसंध. मी जन्मले एका शिंप्याच्या टेबलावर, भर दुपारी, कात्रीतून. ब्याऐंशी टाकाऊ तुकडे आणि त्यांना जोडणारे एक्क्याऐंशी सांधे, एवढीच माझी श्रीमंती.

त्या शिंप्याला सगळा रस्ता मास्तर म्हणायचा. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. दुकानात दोन शिलाई मशीन, कापड बेतायचं लांबलचक टेबल आणि त्या टेबलाला एक खोल खण. मास्तरांची नजर म्हणजे फूटपट्टी. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा कोणता खांदा उतरता आहे, ते यांना कळलेलं असायचं. शेजारच्या फोटोग्राफरने दुकान बंद केलं, तेव्हा त्याने आपला फिल्मचा कॅमेरा आणि भिंतीवर चित्र टाकणारा प्रोजेक्टर मास्तरांच्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाला, "तुमचा हात स्थिर आहे मास्तर. तुमच्याकडेच राहू दे."

झालं! त्या दिवसापासून मास्तरांना वेडच लागलं. सुट्टी आली की डोळ्याला कॅमेरा. पण स्वभाव शिंप्याचा. सदऱ्यात त्यांना एक सुरकुती खपायची नाही, मग चित्रात कशी खपेल? फिल्म धुऊन घरी आली, की ते ती टेबलावर पसरायचे आणि बिघडलेलं सगळं कात्रीने कापून काढायचे. कुणाचं डोकंच आलं नाही, काढ. कुणी मध्येच शिंकलं, काढ. सगळं धूसर आलं, काढ. अशी निवडून, छाटून त्यांनी पाच सुंदर रिळं तयार केली. ती माझी मोठी भावंडं. दिसायला राजबिंडी.

आणि कापलेले तुकडे? शिंपी कधी कात्रण फेकतो का? मास्तरांनी एका दुपारी ते सगळे तुकडे उग्र वासाच्या गोंदाने एकमेकांना चिकटवले, एका पत्र्याच्या चाकावर गुंडाळले, आणि झाले मी!

मला काम मिळालं ते असं: पाहुणे जमले, चादर टांगली, खिडक्यांवर ब्लँकेटं चढली, की प्रोजेक्टरवर पहिली मी. चित्र स्पष्ट येतंय का, दिवा नीट आहे का, हे तपासायला. मी फिरत असायचे आणि माणसं आपली बसायच्या गडबडीत. "अरे सरक ना", "चष्मा कुठे ठेवला मी", "कोण चिमटा काढतंय?" माझ्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. मग मास्तर मला काढायचे, पहिलं रीळ चढवायचे, आणि सगळे एकदम गप्प. "हं, आता सुरू!" म्हणायचे. म्हणजे मी जे केलं ते काय होतं हो?

एक माणूस मात्र माझ्यासाठी सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसायचं. मास्तरांची बायको. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी काजं करायची, बटणं लावायची, आणि कॅमेऱ्याला भयंकर लाजायची. कॅमेरा तिच्याकडे वळला, की ती पळून तरी जायची, नाहीतर सरळ भिंगावर हात ठेवायची. त्यामुळे पाच रिळांत ती मोजून एकदाच होती: खुर्चीत ताठ बसलेली, केस चापूनचोपून, कुणीतरी दम देऊन बसवल्यासारखी. बाकी तिची सगळी पळापळ माझ्या वाट्याला आलेली.

मला बघून ती पोट धरून हसायची. "मला तर बाई हीच आवडते."

"हा कचरा?" मास्तर म्हणायचे.

"कचरा कसला? यात माणसं आपापल्या चालीने चालतायत. त्या दुसऱ्या रिळांत सगळे तुमच्या मापाने चालतात."

मास्तर गाल फुगवून बसायचे. मी मात्र त्या एका वाक्यावर कित्येक वर्षं जगले आहे, मित्रांनो.

त्या घरात दोन मुलं होती. थोरला दादा नऊ वर्षांचा, पुढचा एक दात पडलेला. धाकटी चिमणी दीड वर्षाची. आणि त्याच वर्षी वहिनीला ताप आला. साधा ताप म्हणून सुरू झाला आणि तिला घेऊनच गेला.

नंतर मास्तरांनी प्रोजेक्टर माळ्यावर टाकला. कॅमेरा परत कधी हातात धरला नाही. पाच रिळं कपाटात गेली. चादर पुन्हा अंथरायची चादर झाली.

मला मात्र त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं, खडू, फीत आणि दोऱ्यांच्या शेजारी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डब्यावर झाकण नव्हतं, कारण झाकणात टाचण्या ठेवल्या होत्या. दुपारी गिऱ्हाईक थांबलं, की मास्तर मला बाहेर काढायचे, खिडकीशी जायचे, आणि एका डोळ्याला भिंग लावून माझं एकेक चित्र उजेडासमोर धरायचे. प्रोजेक्टर नाही, चादर नाही. नुसतं बघत राहायचे. कधीकधी सुई घ्यायचे, लाल दोरा ओवायचे आणि माझ्या काठाच्या भोकात एक छोटासा टाका घालायचे. दुखायचं का म्हणून विचारू नका. मी हललेसुद्धा नाही.

टेबलाखाली छोटी चिमणी सांडलेली बटणं वेचत असायची. ती विचारायची, "बाबा, काय बघता?"

"माप बघतोय," मास्तर म्हणायचे.

चिमणीला ते खरंच वाटलं. तिच्या लेखी मी म्हणजे एक जुनी माप घ्यायची फीत. पुढे ती शिवण शिकली, मास्तर गेल्यावर दुकान तिनेच चालवलं. रोज सकाळी ती खण उघडायची, खडू घ्यायची. माझ्या अंगावरून तिची बोटं जायची. तिने मला कधी टाकून दिलं नाही, "बाबांचं काहीतरी आहे" म्हणून. आणि कधी उलगडून पाहिलंही नाही.

आता सांगते या चिमणीचं दुखणं. लहानपणापासून भेटेल तो तिला एकच सांगायचा. "अगं, पाठमोरी पाहिली आणि दचकलेच! अगदी आईसारखी चालतेस." मावशी म्हणायची, शेजारीण म्हणायची, जुनी गिऱ्हाइकं म्हणायची. आणि चिमणीने आईला चालताना कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण दीड वर्षाच्या डोळ्यांनी. काय आठवणार? भिंतीवर एक फोटो होता, ताठ मानेचा. फोटो काही चालत नाही. माणसाला आपल्याच चालीची गोष्ट माहीत नसावी, हे किती विचित्र आहे, नाही का?

दर काही वर्षांनी ती दादाला म्हणायची, "दादा, ती रिळं एकदा बघू या ना रे."

दादा म्हणायचा, "सगळं जपून ठेवलंय. हवासुद्धा लागू दिलेली नाही. बघू एकदा सवडीने."

आणि खरंच नव्हती लागू दिली! मास्तर गेल्यावर त्याने प्रत्येक रिळाचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला चिकटपट्टीचे सात वेढे दिले, पाचही पिशव्या लोखंडी पेटीत ठेवल्या, पेटीला कुलूप लावलं आणि ती माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली चढवली. आईची आठवण कुणी चोरू नये, तिला धूळ लागू नये, एवढीच त्याची इच्छा. मला त्याने नेलं नाही. मी त्याच्या यादीतच नव्हते.

अशी तीसेक वर्षं गेली. चिमणीचे केस पिकले. मग त्या घरात भिंगरी मोठी झाली.

भिंगरी म्हणजे दादाची नात. वय वर्षं चौदा. तिचं हे नाव का पडलं, ते तुम्ही तिला दोन मिनिटं पाहिलंत तरी कळेल. ती दादाला आजोबा म्हणते आणि चिमणीला आत्याआजी. एके दिवशी ती माळ्यावर चढली, प्रोजेक्टर खाली घेऊन आली, तो वीजवाल्याकडून दुरुस्त करून नवा दिवा बसवून आणला, आणि जाहीर करून मोकळी झाली, "रविवारी दुपारी तीन वाजता दुकानात सिनेमा! आजोबा, किल्ली काढा. सवड म्हणजे रविवार."

रविवारी चिमणीने चादर स्वतः इस्त्री केली. एकदा केली, दोनदा केली, तिसऱ्यांदा करायला लागली तेव्हा भिंगरी म्हणाली, "आत्याआजी, चादरीला भोक पडेल!" खिडक्यांवर ब्लँकेटं लागली. पेटी खाली आली. चिकटपट्टी कापायला कात्री हवी होती. भिंगरीने माझा खण उघडला. तिने माझ्या डब्याशेजारची कात्री उचलली आणि खण धाडकन बंद केला. पुन्हा एकदा माझा नंबर हुकला.

मग मी फक्त ऐकलं. कात्रीचा आवाज. प्लॅस्टिकची कुरकुर. आणि भिंगरीचं, "ईऽऽ! आजोबा, काय आंबलंय यात?"

नाकात शिरणारा तो आंबट वास खणाच्या फटीतूनही माझ्यापर्यंत आला, आणि मी समजले. आम्हा फिल्मांना एक रोग होतो. उकाड्यात आमच्या अंगातून आंबट वाफ सुटते. ती बाहेर गेली तर आम्ही वाचतो. कोंडली तर ती आम्हालाच खाते. माझी राजबिंडी भावंडं सात वेढ्यांच्या आत कोंडून, चिकटून, पापुद्रे सुटून गेली होती.

"हवासुद्धा लागू दिली नव्हती मी," दादा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "हवासुद्धा."

"असू दे रे दादा," चिमणी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता, तीनदा इस्त्री केल्यासारखा.

भिंगरी कात्री परत ठेवायला आली. खण उघडला. या खेपेला, देव जाणे का, तिची नजर खाली गेली.

"अजून एक आहे!" ती किंचाळली.

तिने मला इतक्या घाईने उचललं, की मला चक्कर आली. "आत्याआजी, ही फीत नाहीये! ही फिल्म आहे! थांबा, लावते, लावते!" दादा "अगं सावकाश" म्हणेपर्यंत मी प्रोजेक्टरवर चढलेही. दिवा लागला. इतक्या वर्षांनी माझ्या अंगातून उजेड गेला, आणि चादरीवर एक धूसर बूट उमटला. बूट! चार क्षण तो डुलला. आणि पहिलाच वाळका सांधा कटकन सुटला.

मी यंत्रात अडकले. थांबलेल्या फिल्मवर तो तापलेला दिवा म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसेल. चादरीवर बुटाच्या मधोमध एक तपकिरी फुगा आला, पसरत गेला, बुटाला गिळत गेला. "जळतंय ते! बंद कर!" चिमणी ओरडली. भिंगरीने वायरच उपटली.

खोलीत काळोख. जळका वास. आणि बडबडणारी भिंगरी जमिनीवर बसून, गुडघ्यात तोंड घालून रडत होती. "मी मारलं असतं तिला."

"अगं, बूट होता नुसता," चिमणी म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "बुटाला काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी तिघं मला आणि त्या पाच डब्यांना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एका थंड खोलीत जुन्या फिल्मांची दुरुस्ती चालते. तिथल्या बाई पांढरे सुती हातमोजे घालूनच दार उघडतात. त्यांच्या टेबलाच्या काचेखालून उजेड येतो. त्यांनी एकेक डबा उघडला, वास घेतला, बाजूला ठेवला. चार डब्यांना त्यांनी मान हलवली. पाचव्यातून रस्त्याची थोडी चित्रं निघतील, म्हणाल्या. खुर्चीत ताठ बसलेली वहिनी त्यात नव्हती.

"माझ्यामुळे झालं," दादा म्हणाला. "मी इतकं गच्च..."

"जपण्यासाठीच केलंत ना?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे येणारी निम्मी माणसं हेच करतात. फिल्मला श्वास लागतो हे कुणी सांगितलेलंच नसतं." मग त्यांनी मला हातात घेतलं आणि कपाळाला आठी घातली. "ही उघड्यावर राहिली म्हणून वाचली. पण ही तर कात्रणं आहेत हो. एक्क्याऐंशी सांधे! सगळे वाळलेले. मशीनवर घालायची तर प्रत्येक सांधा सोडवून परत जोडावा लागेल. तीन आठवडे जातील. आणि आत सगळं वाया गेलेलं. कशाला?"

"खरंय. राहू द्या," दादा म्हणाला. तो थकला होता.

मी अंग चोरून बसले होते. आता परत खणात. किंवा खणातही नाही.

"आणि हे बघा," बाई म्हणाल्या, "हा छळ कुणी केलाय? भोकांतून दोरा! लाल! एक, दोन... अकरा ठिकाणी. फिल्मशी असं कुणी वागतं?"

चिमणी पुढे झाली. तिने चष्मा कपाळावर सरकवला, शिंपी बारीक काम बघताना सरकवतात तसा, आणि काचेवर वाकली. कितीतरी वेळ वाकूनच राहिली.

"हा बाबांचा हात आहे," ती म्हणाली. "कच्चा टाका."

"म्हणजे?" भिंगरीने विचारलं.

"कपडा बेतताना घालतात. पक्की शिवण मारायच्या आधी. नंतर उसवून टाकायचा असतो."

"मग घालतात कशाला?"

"खूण म्हणून. इथे परत यायचंय, अशी."

बाईंनी पहिल्या टाक्यावर भिंग ठेवलं. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. "एक बाई आहे," त्या हळूच म्हणाल्या. "सगळीकडे तीच आहे. या, बघा."

पण चिमणी मागे सरली. "नको. असं थांबलेलं नको. फोटो आहे माझ्याकडे." तिने दादाकडे पाहिलं. "मला ती हलताना बघायचीय. करा सगळे सांधे. लागू देत तीन आठवडे. मी साठ वर्षं थांबलेय."

एकच अडचण होती. टाके काढल्याशिवाय मी मशीनवर चढणार नव्हते आणि वर्षांनुवर्षं घट्ट बसलेला दोरा ओढला तर भोक फाटणार होतं. बाईंनी चिमटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी चिमणीच म्हणाली, "मी उसवू?"

बाईंनी आपल्या हातमोज्यांचा एक जोड तिच्यासमोर ठेवला. मित्रांनो, तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. बापाने घातलेले टाके लेक उसवत होती. टोकदार कात्री, सुईचं टोक, बोटांना जराही कंप नाही. ना मला ओरखडा, ना भोकाला चीर. शेवटच्या टाक्याशी ती थबकली. "हा दुहेरी घातलाय," ती म्हणाली. का, ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी मुकी. अकराही दोरे तिने रुमालात बांधून घेतले.

तीन आठवडे बाईंनी माझे सांधे जोडले. बुटाची जळलेली तीन चित्रं तेवढी गेली. मग एका मशीनवर, दिवा न तापवता, माझ्या एकेका चित्राची संगणकात नक्कल काढली गेली. भिंगरी शाळा सुटली की रोज फोन करायची. "बाई, आज कितवा सांधा?" शेवटी बाईच तिला फोन करायला लागल्या.

पुन्हा रविवार. पुन्हा चादर. या वेळी एकदाच इस्त्री. भिंगरीने तिच्या मैत्रिणीच्या घरून नव्या जातीचा छोटा प्रोजेक्टर आणला होता. मी टेबलावर, नव्या डब्यात, बाईंच्या सांगण्यावरून झाकण थोडं उघडं. जन्मात पहिल्यांदा मी प्रेक्षक होते! आणि खोलीत कुणीच "अरे सरक ना" म्हणत नव्हतं.

बूट आला. भिंगरीने टाळी वाजवली. डोकं नसलेले दोन काका आले, एकमेकांशी हात मिळवून गेले. एक कुत्रं अर्धंच आलं. दात पडलेला एक मुलगा कॅमेऱ्यात नाक खुपसून बघायला लागला, तेव्हा भिंगरी लोळायलाच लागली. "आजोबा! तुम्ही?"

"दात दुसऱ्या दिवशी पडणार होता, त्याआधीच कुणीतरी पाडला," दादा म्हणाला आणि चिमणीच्या दिशेने पाहू लागला. "हिच्या डोक्याने."

मग चादरीवर एक हात आला. बोटं पसरलेली, बोटांच्या फटीतून उजेड. हात बाजूला झाला आणि मागे एक तरुण बाई, ओठांत टाचण्या धरलेली, गळ्यात मापाची फीत. तिने टाचण्या काढल्या आणि काहीतरी म्हणाली.

चिमणी खुर्चीत पुढे सरकली. "काय म्हणतेय?"

आणि मित्रांनो, दादा बोलला. हा दादा, जो दिवसभरात चार वाक्यं बोलला तरी घरातले मोजतात. त्याने चादरीवरून नजर हलवली नाही. पण आवाज बदलला, जरा उंच, जरा घाईचा, हसण्याच्या काठावरचा. "'अहो, ठेवा ते खाली! टाचणी गिळेन मी एखाद दिवस!'"

ओठ आणि शब्द बरोबर जुळले. चादरीवरची बाई वळली आणि पळाली. दुकानातून, पडद्याकडे. डावा खांदा किंचित खाली, पाऊल बाहेर टाकत, हात मात्र एकच हलतोय.

"आत्याआजी," भिंगरी पुटपुटली. "ही तर तू."

खुर्चीखाली चिमणीचं पाऊल हललं, तसंच, बाहेरच्या बाजूला.

पुढचे तुकडे येत गेले आणि दादा प्रत्येक ठिकाणी आईचा आवाज देत गेला. "'माझे केस बघा आधी!'" "'काय मेलं सारखं सारखं!'" "'बटणं राहिलीत चार, ती कोण लावेल, कॅमेरा?'" नऊ वर्षांच्या मुलाने ऐकलेलं सगळं त्याच्यात तसंच्या तसं होतं. कोंडलेलं. मला वाटलं, या माणसाने नुसती रिळंच नव्हती गुंडाळून ठेवली.

शेवटचा तुकडा दुहेरी टाक्याचा. खिडकीजवळ वहिनी, कडेवर दीड वर्षाची चिमणी. कॅमेरा जवळ येतो तशी ती लाजते, पण या वेळी पळता येत नाही, कारण कडेवर लेक आहे. मग ती तोंड लपवते ते लेकीच्याच मानेत. चेहरा आला नाही म्हणून मास्तरांनी हा तुकडा कापला होता. दिसतो तो नुसता गाल, आणि बाळाच्या कानाशी हलणारे ओठ. ती काहीतरी सांगते. बाळ खुदकन हसतं. पुन्हा सांगते. बाळ पुन्हा हसतं. आणि पांढरं.

"दादा, हे?" चिमणीने विचारलं. "हे काय म्हणाली?"

"हे मला नाही ऐकू आलं," दादा म्हणाला, आता स्वतःच्याच आवाजात. "हे तिने फक्त तुला सांगितलं."

चिमणी पांढऱ्या चादरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत लाव."

त्या दुपारी भिंगरीने तो तुकडा सतरा वेळा लावला. मोजले मी.

आता मी पुन्हा त्याच खणात आहे. कुलूप नाही, चिकटपट्टी नाही. वर्षातून एकदा दादा हातमोजे घालून मला सावकाश उलगडतो, वारं दाखवतो, पुन्हा गुंडाळतो. हे काम त्याने स्वतःकडे घेतलंय, कुणाला देत नाही. अकरा लाल दोरे चिमणीच्या टाचण्यांच्या उशीत टोचलेले आहेत.

आणि भिंगरी? ती सध्या मोबाईल घेऊन सगळ्यांच्या मागे असते. परवा तिने काम करणाऱ्या चिमणीवर तो रोखला. चिमणीने ओठांतल्या टाचण्या न काढताच सरळ भिंगावर हात ठेवला. "बंद कर ते!"

भिंगरीने बघितलं. पडद्यावर नुसती बोटं, अंधार, आणि शेवटी पाठमोरी पळणारी आत्याआजी. पूर्वीची भिंगरी असती तर "छे, बिघडलं" म्हणून पुसून टाकलं असतं तिने. तिचं बोट पुसायच्या खुणेवर गेलंही होतं.

मग ते तिथून उठलं.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्याही घरात असेल. खणात, माळ्यावर, नाहीतर तुमच्याच मोबाईलच्या तळाशी. त्याला फार गच्च बांधू नका, अधूनमधून उघडा, त्याच्याकडे बघा, आणि ज्या मोठ्या माणसांना त्यातले आवाज अजून आठवतात, त्यांना शेजारी बसवा. तेवढं मात्र लवकर करा. ज्या चित्रात कुणी तोंड लपवतंय, हात आडवा धरतंय, पळून जातंय, ते तर मुळीच फेकू नका.

तिथे एक कच्चा टाका घालून ठेवा. कुणीतरी परत येईल.